दोनदा पडलेला राजा

एका राज्यात नऊ महिने हिवाळा असे, आणि उरलेले तीन महिने लोक हिवाळ्याची तयारी करीत. राज्याच्या मधोमध काचमाथा नावाचा डोंगर होता. अलीकडे राजधानी, पलीकडे धान्याचे खोरे, आणि दोहोंना जोडणारी एकच वाट. तिला राजवाट म्हणत.

राजवाटेचा एक नियम होता. पहिला बर्फ पडला की राजाने सर्वांच्या आधी माथ्यापर्यंत चालत जाऊन यायचे. मग हिवाळाभर प्रजेने त्याच्याच पावलांच्या ठशांत पाय ठेवून जा-ये करायची. ठशाबाहेर पाय टाकणे हा राजाचा अपमान समजत. त्या घराण्यातले राजे उंच असत आणि त्यांच्या ढांगा लांब असत. म्हाताऱ्या बायका आणि पाठीवर पोती घेतलेले हमाल या ठशातून त्या ठशात उड्या मारीत जात. असे का, हे कोणी विचारले नव्हते.

एका ठशात हजार पाय पडले की बर्फ दबतो. दबलेला बर्फ दुपारी ओलावतो, संध्याकाळी गोठतो, आणि सकाळी त्याची काच होते. महिन्याभरात राजवाट म्हणजे काचेच्या वाट्यांची लांबच लांब रांग होई. पूर्वी वाट दाखवणारे वाटाडे घरोघरच्या चुलीतली राख टोपलीत घेऊन जात आणि ठशांत टाकीत. पण राजा धवलसेनाला पांढरा रंग फार प्रिय होता. राखेने वाट मळते, असे म्हणून त्याने राख बंद केली.

शिवाय त्या वाटेवर एक शाप होता. धवलसेनाच्या आजोबांनी माथ्यावर राहणाऱ्या हिवाई नावाच्या चेटकिणीच्या चुलीतून एक निखारा चोरून आणला होता. तो कधी विझत नसे. एवढ्याशा निखाऱ्यावर सबंध राजवाडा उबदार राही. हिवाईने वरूनच शाप दिला:

"माझी चूल थंड केलीस. आता या वाटेवर जो एका हिवाळ्यात तीनदा पडेल, त्याला बर्फ उभ्याने धरून ठेवील. सूर्य उत्तरेला वळेपर्यंत तो सुटला नाही, तर त्याचा दगड होईल. निखारा ज्या घराने नेला, त्याच घराच्या हाताने परत आला, तरच हे थांबेल."

आजोबांनी निखारा परत केला नाही. बापाने केला नाही. धवलसेनानेही केला नाही. वाटेच्या कडेला एकोणचाळीस दगड उभे होते, आणि लोक त्यांना नावाने ओळखत.

त्या हिवाळ्यात सात माणसे गोठली. सहा हमाल होते. सातवा होता सोमाजी, राज्यातला सर्वांत चांगला वाटाड्या, जो चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. राजाची पहिली फेरी पुरी करून उतरताना, अगदी खालच्या वळणावर, तो एकाच दिवसात तीनदा पडला. "भिवराला सांगा," एवढेच तो म्हणाला, आणि तोंड उघडे असतानाच गोठला.

भिवरा त्याची मुलगी. वय सोळा, बोलणे कमी. बापाने काय सांगितले असते, याचा ती दोन महिने विचार करीत होती. गावातल्या लोकांनी बर्फावर कुऱ्हाडी चालवून पाहिल्या. पाती उलटून आली, बर्फावर ओरखडाही उठला नाही.

सूर्य वळायला दोन दिवस राहिले, तेव्हा भिवरा राजवाड्यात गेली.

"महाराज, निखारा परत द्यायला चला," ती म्हणाली.

राजा सिंहासनावर नीट सावरून बसला.

"मुली, सोमाजी आमचाही माणूस होता. आम्हाला दुःख आहे. त्याच्या दगडावर आम्ही चांदीचं छत्र उभारू."

"ते दगड झालेले नाहीत, महाराज. अजून दोन दिवस आहेत."

"राजा कोणाच्या सांगण्यावरून डोंगर चढत नसतो."

तेव्हा खिडकीत बसलेला एक डोंगरकावळा हसला. त्याची चोच पान खाल्ल्यासारखी लाल होती, म्हणून लोक त्याला पानखाऊ म्हणत. तो माणसांसारखे बोले, पण दरबारात बोलल्याचे कोणी ऐकले नव्हते.

"दुःख नाही, त्याला भीती आहे," पानखाऊ म्हणाला. "मी कड्यावर बसून मोजत होतो. उतरताना राजा दोनदा घसरून पडला. सोमाजीने खालून धरला म्हणून दरीत गेला नाही. प्रत्येक वेळी सोमाजीही पडला. तिसऱ्यांदा राजा घसरला, तेव्हा सोमाजीने त्याला पडण्याआधीच झेलला आणि स्वतः पडला. राजाचे झाले दोन. सोमाजीचे झाले तीन."

प्रधानाने पायाकडे पाहिले. सेनापतीने छताकडे पाहिले. राजाने बराच वेळ कोणाकडेच पाहिले नाही.

"हे खरं आहे," शेवटी तो म्हणाला. "उद्या सकाळी निघू."

"उद्या निघालो तर उतरायला परवाचा दिवस लागेल. आजच निघायला हवं," भिवरा म्हणाली. "ऊन आता कुठे वाटेवर आलं आहे. सकाळी बर्फ कडक असतो आणि दुपारी कपटी. मधला वेळ आपला. माथ्याखालच्या गुहेत मुक्काम करू, उद्या वर जाऊन उतरू."

"आमच्यासोबत कोण कोण येईल?"

"वाटेवर जितकी माणसं जास्त, तितकी पडणारी जास्त. आपण दोघंच."

"आणि मी," पानखाऊ म्हणाला. "मोजायला कोणीतरी हवं."

राजाने निखारा तांब्याच्या डब्यात घेतला. तो फक्त त्या घराण्याच्या हातात जळत राही, दुसऱ्याच्या हातात काळा पडे. राजाने पांढरी शाल पांघरली, पायात चांदीच्या कलाबतूचे जोडे घातले, आणि छत्र धरायला कोणी नव्हते म्हणून ते स्वतःच खांद्यावर घेतले. भिवराने लोखंडी टोकाची काठी, कुऱ्हाड, घोंगडीचे तुकडे, काथ्याची दोरी, भाकरी आणि एक रिकामी टोपली घेतली.

पहिल्या वळणावर सोमाजी उभा होता. एक हात वर, तोंड उघडे, मिशीवर बर्फ. भिवराने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि खाली बसून राजाचे जोडे मागितले.

"हे चारशे कारागिरांनी..."

"तळवे गुळगुळीत आहेत, महाराज."

तिने राजाचे पाय घोंगडीत गुंडाळले आणि वरून काथ्या आवळून बांधला. जोडे तिने बापाच्या पायाशी ठेवले. राजा उभा राहिला आणि सवयीने आपल्या जुन्या ठशात पाय ठेवायला गेला.

"त्यात नको. बाजूला," भिवरा म्हणाली.

"माझ्याच ठशाबाहेर?"

"ठशांत काच आहे. बाजूचा बर्फ भुसभुशीत आहे, तिथे पाय रुततो. मी टाकीन तिथेच टाका."

"तुझी पावलं फार लहान आहेत."

"मग महाराजांनीही लहान टाकावीत."

राजवाटेच्या इतिहासात राजा प्रथमच कोणाच्या तरी मागून चालला. त्याला ते जमत नव्हते. लांब ढांग टाकली की तोल जाई. शंभरेक पावलांनंतर त्याची ढांग आखडली आणि श्वास लागला. वर पाहून चालू नका, पायाकडे पाहा, असे भिवरा दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा सांगावे लागले नाही. एका ठिकाणी भिवराच घसरून पडली.

"एक. पण हा तुझा," पानखाऊ म्हणाला.

भिवराने कपडे झटकले आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या वळणावर वाट एका उघड्या कातळावरून जाई. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. कातळ ओला दिसत होता, पण ते पाणी नव्हते, पारदर्शक बर्फ होता. बाजूला पाय टाकायला जागाच नव्हती. तीन हमाल तिथे एकापाठोपाठ एक गोठून उभे होते आणि तिघांच्याही पाठीवर पोती होती.

"इथे राख लागते," भिवरा म्हणाली.

"मग टाक."

"राख बंद आहे, महाराज. सात वर्षं झाली."

भिवराने आजूबाजूला पाहिले. एकही झाड नव्हते, काटकी नव्हती. मग तिने राजाच्या खांद्याकडे पाहिले. राजानेही आपल्या खांद्याकडे पाहिले.

"हे चंदनाचं आहे. पणजोबांच्या वेळचं," तो म्हणाला.

"चंदनाची राख होते का?"

"होत असेल."

राजाने डबा उघडला, निखारा हातात घेतला आणि छत्राच्या दांड्याला लावला. रेशीम भुर्रकन गेले, दांडा सावकाश जळला. सबंध कातळाला चंदनाचा वास आला. थंड झालेली राख भिवराने टोपलीत भरली, आणि पाऊलभर जागेत एक चिमूट अशी पसरत पसरत ते दोघे कातळ चढून गेले. पांढऱ्या बर्फावर करडे ठिपके उमटले. राजाने मागे वळून पाहिले.

"मळलेली दिसते," तो म्हणाला.

"हो. पण आपण कातळ ओलांडून उभे आहोत," भिवरा म्हणाली.

त्या संध्याकाळी ते गुहेत थांबले. भाकरी गोठून दगडासारखी झाली होती. राजाने ती डब्यावर ठेवून गरम केली आणि अर्धी भिवराला दिली. पानखाऊला कडा मिळाल्या.

"सोमाजी कमी बोलायचा," राजा म्हणाला. "मला कधी वाटलं नाही की तो मला धरतोय. मला वाटायचं, मी चालतोय."

भिवराने त्याच्या पायावरचा सैल झालेला काथ्या पुन्हा आवळला.

सकाळी ऊन आल्यावर ते तिसऱ्या वळणावर पोहोचले. तिथे वाट एका ओढ्यावरून जाई. ओढा वरून गोठलेला होता आणि खालून वाहत होता. भिवराने काठीने बर्फावर तीनदा ठोकले आणि कान दिला. पहिला आवाज भरीव आला. चार हात पुढे ठोकले तर आवाज रिकाम्या मडक्यासारखा आला.

"पोकळ आहे. दुसरी वाट नाही," ती म्हणाली. "उभ्या माणसाचा भार दोन पावलांवर येतो. तो इथे पेलणार नाही. आडवं व्हायला हवं."

"म्हणजे?"

"महाराजांनी पोटावर यावं."

"राजा सरपटत नसतो."

"राजा पडला तर तिसऱ्यांदा पडेल," पानखाऊ म्हणाला. "जो आधीच आडवा झाला, तो पडणार कसा? मला तर हा फायद्याचा सौदा दिसतो."

राजाने शाल काढून ठेवली. निखाऱ्याचा डबा बर्फावर आपल्यापुढे ढकलत, हनुवटी बर्फाला घासत, तो इंचाइंचाने ओढा ओलांडून गेला. खाली पाणी वाहत असलेले त्याला दिसत होते. एक मासाही दिसला. पलीकडे पोहोचल्यावर तो लगेच उठला नाही. तसाच पडून राहिला आणि हसू लागला. राजाला हसताना भिवराने पूर्वी पाहिले नव्हते.

"मासा होता," तो म्हणाला.

"हिवाळ्यात ते खालीच असतात," भिवरा म्हणाली.

ऊन डोक्यावर आले तेव्हा ते माथ्यावर पोहोचले. हिवाई एका दगडी चुलीसमोर बसली होती. ती इतकी म्हातारी होती की तिच्या भुवयांत बर्फाचे लोलक लटकत होते. चूल थंड होती. चुलीवर पातेले होते आणि पातेल्यात साठ वर्षांपूर्वीचा भात गोठलेला होता.

"कोण आलं?" तिने विचारले.

"धवलसेन. निखारा परत आणला आहे."

"कशासाठी?"

"एक माणूस मला झेलताना गोठला. आणखी सहा माझ्या ठशांत गोठले."

"इथवर कोणाच्या पावलांनी आलास?"

राजाने तोंड उघडले. राजवाटेवर चालणारा राजा नेहमी 'माझ्या' असे म्हणतो. पानखाऊने मान तिरकी केली. डब्यातला निखारा किंचित काळवंडला. राजाने तोंड मिटले आणि पुन्हा उघडले.

"हिच्या," तो म्हणाला.

निखारा लाल झाला. राजाने तो चुलीत ठेवला. हिवाईने फुंकर घातली. चूल पेटली, आणि तिच्या भुवयांतले लोलक टप टप गळून पडले.

"शाप उचलला," ती म्हणाली. "पण बर्फ मी घातला नव्हता. तो तुम्ही लोकांनी त्याच त्या ठशांत पाय आपटून घोटला आहे. तो तुम्हीच फोडा. ज्याचे पाय ज्या ठशात अडकलेत, तो ठसा फोडला की माणूस सुटेल. सूर्य मात्र माझं ऐकत नाही. तो आज मावळला की वळलाच समजा."

"आजच?" भिवराने विचारले.

"आजच. आता उतरा. उतरताना तोंड डोंगराकडे ठेवा."

चढण्यापेक्षा उतरणे अवघड असते. ओढ्यावर ते पुन्हा आडवे झाले. त्याखालच्या उतारावर उरलेले तीन हमाल होते. राजाने भिवराच्या हातून कुऱ्हाड घेतली आणि आपल्याच पावलाचा ठसा फोडला. या वेळी पाते उलटले नाही. बर्फ बांगडीसारखा फुटला. पहिला हमाल डोळे मिचकावत म्हणाला, "सरका जरा, पोतं जड आहे." दुसरा कोणालातरी शिवी देत होता, ती त्याने पूर्ण केली आणि मग समोर राजा पाहून कान धरले. कातळावरच्या तिघांना सोडवायला फार वेळ लागला, कारण तिथे उभे राहायला जागा नव्हती आणि राख पुन्हा पसरावी लागली. तोवर ऊन पिवळे झाले होते.

सहा जण सुटले. कातळाच्या टोकावरून खाली पहिले वळण दिसत होते, आणि वळणावर वर केलेला एक हात. मधे राजवाटेचा सरळ उतार होता आणि त्यावर राजाच्या ठशांची रांग काचेसारखी चमकत होती. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला.

भिवराने बाजूच्या बर्फात पाऊल टाकले, मग दुसरे. मग ती थांबली. तिला वाटेचे गणित येत होते.

"चालत पोहोचणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

राजाने उताराकडे पाहिले.

"ठशांतून घसरत गेलं तर?"

"मग थांबता येत नाही. सरळ बाबांच्या पायाशी."

"आणि घसरणं म्हणजे पडणंच ना?"

"हो."

"ती म्हणाली, शाप उचलला."

"म्हणाली."

"खरं बोलली असेल?"

"मला माहीत नाही, महाराज."

राजाने कुऱ्हाड छातीशी धरली. मग तो आपल्या ठशांच्या रांगेत, स्वतःहून, धप्पकन पडला.

"तीन," पानखाऊ म्हणाला.

राजाने डोळे मिटले. तो गोठला नाही, पण थांबलाही नाही. या ठशातून त्या ठशात उडत, मागची बाजू शेकून घेत, राज्याचा स्वामी राजवाट उतरला आणि सोमाजीच्या पायाशी, चांदीच्या जोड्यांवर जाऊन आदळला. सूर्याची एक कोर उरली होती. राजाने पडल्यापडल्याच कुऱ्हाड उगारली आणि ठशावर एक घाव घातला. ठसा तडकला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला ठसा फुटला, आणि कोर बुडाली.

काही वेळ काहीच झाले नाही.

मग सोमाजीचा वर केलेला हात खाली आला.

"...शेळ्या आत घे म्हणावं," तो म्हणाला. "बर्फ येतोय."

त्याने खाली पाहिले. पायाशी राजा बसला होता. पायाला घोंगडी, अंगावर शाल नाही, मांडीवर कुऱ्हाड.

"महाराज पुन्हा पडले?" सोमाजीने विचारले.

"हो," राजा म्हणाला. "या खेपेला मी स्वतःच पडलो."

भिवरा शेवटच्या टप्प्यात पळत आली. वाटाडे बर्फावर कधी पळत नाहीत. ती बापासमोर येऊन उभी राहिली, आणि दोन महिने जे विचारायचे ठरवले होते त्यातले काहीच तिने विचारले नाही.

"घेतल्या, बाबा. शेळ्या घेतल्या आत," ती म्हणाली. "एक व्यायली पण."

पुढे राजवाड्यात थंडी झाली आणि राजाच्या घरातली माणसे घोंगड्या वापरू लागली. राजाची पहिली फेरी बंद झाली. पहिल्या बर्फात वाटाडे जात, आणि दर आठवड्याला वाट हातभर बाजूला सरकवत, म्हणजे एकाच जागी काच धरत नसे. घरोघरची राख पुन्हा टोपल्यांत जमू लागली. पहिली टोपली राजवाड्यातून येई. वाट मळकी दिसे. तिच्यावरून माणसे धान्य घेऊन येत आणि जेवत.

एकोणचाळीस दगड मात्र दगडच राहिले. त्यांना उशीर झाला होता. येणारे-जाणारे त्यांच्या पायाशी चिमूटभर राख ठेवतात आणि नाव घेतात. चाळिसाव्या दगडाची जागा रिकामी आहे. तिथे चांदीच्या कलाबतूचे जोडे पडलेले असतात. डोंगरावर सध्या त्यांत एक डोंगरकावळी अंडी घालते.

कहाणी चढली ती उतरली. चढताना पायाकडे पाहिले, उतरताना डोंगराकडे पाहिले, आणि घरी आलो.